साउलेच्या शेजारची खुर्ची

सकाळी पावणेसहाला शारजातल्या अल मजाजमधल्या बिल्डिंगखाली कंपनीची व्हॅन येऊन थांबायची. ड्रायव्हर उझैर म्हणायचा, "सलाम, मॅडम." ॲनेट म्हणायची, "सलाम." त्यानंतर दुबईत रास अल खोरची लॅब येईपर्यंत, म्हणजे रस्ता मोकळा असेल तर चाळीस मिनिटं आणि नसेल तर दीड तास, दोघांपैकी कोणी तोंड उघडत नसे. उझैर पेशावरकडचा, चाळिशी उलटलेला, सरळ मनाचा माणूस. पण परक्या बाईशी कामाशिवाय बोलू नये, असं वळण त्याला घरून लागलेलं. संध्याकाळी हाच प्रवास उलटा. ॲनेट घरी पोचायची तेव्हा बेडरूम भाड्याने घेतलेल्या दोन नर्सेस ड्युटीवर निघालेल्या असायच्या. लिफ्टपाशी गाठ पडली तर एकमेकींकडे बघून हसायचं, एवढंच. हॉलमधला सोफा उघडून ॲनेट त्याचा पलंग करायची आणि टीव्ही लावायची. बघण्यापेक्षा घरात आवाज असावा म्हणून.

ॲनेट डाबरे मूळची वसईच्या गिरिजची. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर, लॅन्सीबरोबर, शारजाला आली त्याला आता चौतीस वर्षं झाली. लॅन्सी एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर होता. चार वर्षांपूर्वी तो गेला. मुलगा डेन्झिल इथेच जन्मला, इथेच शिकला, आता जुमेरा लेक टॉवर्समध्ये बाविसाव्या मजल्यावर राहतो. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो.

"ममा, ऑल गुड?"

"हो रे, ऑल गुड. तू जेवलास?"

"येस येस. से हाय टू सान्वी."

आणि नात एका श्वासात म्हणते, "हाय ग्रँडमा, बाय ग्रँडमा." झालं. आठवडाभराचं बोलणं संपलं.

ज्या लॅबमध्ये ॲनेट कागदपत्रं बघायची, तिचं काम जरा वेगळं होतं. हॉस्पिटलं, वेल्डिंग तपासणाऱ्या कंपन्या, भंगाराची मोठी गोदामं यांच्याकडे किरणोत्सर्ग मोजायची यंत्रं असतात. हातात धरायची, वर काट्याची तबकडी असलेली. ती यंत्रं बरोबर दाखवतात की नाही, हे वर्षातून एकदा तपासून घ्यावं लागतं. लॅबच्या मागच्या बाजूला जाड भिंतींची एक खोली होती. तिथे शिशाच्या पेटीत किरणोत्सर्गी गोळी ठेवलेली. यंत्र तिच्यासमोर ठरावीक अंतरावर मांडायचं, बाहेर यायचं, दार लावायचं, पेटीची खिडकी बटणाने उघडायची आणि शेजारच्या छोट्या खोलीत बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर काटा कुठे थांबतो ते वाचायचं. वाचलेला आकडा कागदावर, कागदावरून सर्टिफिकेटवर. ॲनेट पुढच्या टेबलावर बसून ती सर्टिफिकेटं टाइप करायची. मागे कधी जायची वेळ आली नव्हती.

ती वेळ साउले आल्यावर आली.

मॅनेजर सतीश पाटणकर एक दिवस ॲनेटच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. पुण्याचे, पण ऑफिसात मराठी बोलणं त्यांना फारसं आवडायचं नाही. अडचण आली की मात्र आपोआप मराठीत यायचे.

"ॲनेटताई, त्या नवीन बाई एकट्या सही करायला तयार नाहीत. म्हणतात, सेकंड पर्सन हवा. आता मी माणूस कुठून आणू? तुम्ही बसाल का त्यांच्याबरोबर, रोज दोन-तीन तास?"

"मला त्यातलं काय कळतंय, सर?"

"काटा कुठे आहे ते दिसतं ना? मग झालं. खलास."

साउले कझाकस्तानची. पंचावन्न वर्षांची, बुटकी, रुंद गालांची, केस मागे घट्ट बांधलेले. तिच्या देशात एक अफाट माळरान आहे. सोव्हिएत सरकार तिथे अणुबॉम्ब फोडून बघायचं. त्या माळाच्या कडेला एक गाव वसवलेलं होतं. नकाशात त्याचं नाव नव्हतं आणि परवान्याशिवाय आत-बाहेर करता येत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी साउले तिथे कामाला लागली. स्फोटाच्या दिवशी माणसं जी मापकं घेऊन माळावर जाणार, ती आधी तपासून ठेवायची, हे तिचं काम. दोन-तीन वर्षं झाली नाहीत तोच १९९१ उजाडलं. तो माळ कायमचा बंद झाला आणि तिचा देशही वेगळा झाला.

मग जगाला नवीच धास्ती पडली. बॉम्बच्या कामातली ही हजारो माणसं रिकामी बसली, तर पोटासाठी आपलं ज्ञान उद्या कोणालाही विकतील. म्हणून अनेक देशांनी मिळून पैसा घातला आणि या लोकांना साध्या, रोजच्या उपयोगाच्या कामांकडे वळवायचं ठरवलं. बातमीत हे वाचताना फार मोठं वाटतं. साउलेच्या वाट्याला ते तुकड्यातुकड्याने आलं. कधी एका देशाच्या पैशावर विहिरींचं पाणी तपासायचं, कधी दुसऱ्याच्या पैशावर दवाखान्यांतली एक्स-रे यंत्रं. दोन वर्षांचा प्रकल्प, तीन वर्षांचा प्रकल्प. संपला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा नवं शहर. अशी तीस वर्षं गेली. आता अशाच एका उपक्रमातून ती दुबईत आली होती. दोन वर्षं तिचा अर्धा पगार ते लोक देणार आणि त्यानंतर काम पसंत पडलं तर लॅबने तिला कायम करायचं.

"वन पर्सन, नो सिग्नेचर," तिने पहिल्याच दिवशी ॲनेटला सांगितलं. तिचं इंग्रजी असं सुट्या सुट्या शब्दांचं. "वन आय, लायर. टू आय, ओके."

पद्धत अशी. दोन खुर्च्या शेजारी शेजारी. मधे पुठ्ठ्याचा आडोसा, एकीचा कागद दुसरीला दिसू नये म्हणून. एकीने काटा बघून आकडा मोठ्याने म्हणायचा आणि लिहायचा, मग दुसरीने. मनातल्या मनात का नाही? तर लिहिलेला आकडा नंतर गुपचूप खोडता येतो, तोंडातून बाहेर पडलेला येत नाही. दोन कागदांची सरासरी सर्टिफिकेटवर जायची, खाली दोघींच्या सह्या.

पहिले दोन दिवस सुरळीत गेले. साउले म्हणायची, "सिक्स्टी-सेव्हन." ॲनेट म्हणायची, "सिक्स्टी-सेव्हन." तिसऱ्या दिवशी काटा सत्तरवर होता आणि साउले म्हणाली, "फिफ्टी."

ॲनेटही म्हणाली, "फिफ्टी." आणि तिने तसं लिहिलंसुद्धा.

साउले रागावली नाही. बटण दाबून तिने पेटीची खिडकी बंद केली, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "युवर होम. व्हॉट लँग्वेज?"

त्या दिवसापासून साउले कझाकमध्ये वाचू लागली आणि ॲनेट मराठीत. जे कळतच नाही त्याची री कशी ओढणार? काट्याकडे बघावंच लागायचं. "अल्पिस जेती," साउले म्हणायची. ॲनेट डोळे बारीक करून पडद्याकडे बघायची आणि म्हणायची, "अडुसष्ट." एकीला सदुसष्ट दिसलेलं, दुसरीला अडुसष्ट. साउले मान डोलवायची. असंच हवं.

ॲनेटला गंमत वाटली. गिरिजच्या शाळेत, मराठी माध्यमात, बाईंनी बोटांवर छडी मारून शिकवलेले ते आकडे. त्रेचाळीस, अठ्ठावन्न, एकोणऐंशी. किती वर्षांत ते तोंडातून मोठ्याने निघाले नव्हते. डेन्झिलला कळत नाहीत. सान्वीला तर तिने एकदा एकोणसत्तर म्हणायला लावलं होतं, तर पोरगी म्हणाली, "दॅट्स नॉट अ नंबर, ग्रँडमा." आता रोज तीन तास ॲनेट ते आकडे खणखणीत म्हणत होती आणि शेजारी बसलेलं कोणीतरी ते ऐकून घेत होतं. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की सकाळी व्हॅनमध्ये बसताना आपण आता त्या खुर्चीचीच वाट बघत असतो.

मग डबा एकत्र सुरू झाला. पहिलं वर्ष संपता संपता, नाताळात, ॲनेटने फुग्या करून नेल्या. साउलेने एक उचलली, उलटीसुलटी केली, खाल्ली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "बाउरसाक!" त्यांच्याकडेही अशाच तळलेल्या, टम्म फुगलेल्या फुग्या करतात म्हणे, लग्नात, सणाला. दोघींनी मिळून डबा संपवला. बोलायला फारसं काही नव्हतं. साउले स्वतःहून कधी काही विचारत नसे. तिच्या गावात कोण कुठून आलं, घरी कोण आहे, असं विचारायची सोयच नव्हती. पण आकडे होते. ॲनेट टेबलावर बोटाने आकडा काढायची आणि साउलेला त्याचं कझाक नाव विचारायची. साउलेचे आकडे सोपे. साठ आणि सात, पन्नास आणि आठ, सरळ जोडत जायचं. महिन्याभरात ॲनेटला ते पाठ झाले. मराठी आकड्यांनी मात्र साउलेला घाम फोडला.

"एव्हरी नंबर, न्यू नेम," ती म्हणायची. "युवर चिल्ड्रन नॉट क्राय?"

"क्राय, क्राय. खूप क्राय."

पण ती चिकाटीची. घरी वही करून, ओळीने लिहून पाठ करायची. जूनमध्ये एक दिवस जेवताना तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, एकेक अक्षर चाचपडत म्हटलं, "ए-को-ण-सत्तर." ॲनेटने टाळ्या वाजवल्या. पॅन्ट्रीत पाणी भरायला आलेले सतीश दारातच थांबले. "अरे वा, म्हणजे माझ्या मुलापेक्षा बरं आहे यांचं मराठी."

त्या उन्हाळ्यात ॲनेट टीव्ही लावायची विसरू लागली.

नोव्हेंबरात उपक्रमाच्या बाई आल्या, कुठल्याशा युरोपी देशातल्या, हसऱ्या, पायात सपाट बूट. दोन वर्षं संपत आली होती. साउलेचं इथे बस्तान बसलं की नाही, हे बघून त्यांना अहवाल द्यायचा होता. सतीशनी फाइल उघडून समोर ठेवली. साउले आणि ॲनेटचे कागद त्यात शेजारी शेजारी लावलेले.

"ही सुरुवातीची पानं बघा," सतीश इंग्रजीत म्हणाले. "दोघींच्या वाचनात दर दोन-तीन आकड्यांनी एकाचा फरक. आणि हे गेले चार महिने. एकाही आकड्यात फरक नाही. झीरो. अशी टीम मी कुठे पाहिली नाही."

बाईंनी कौतुकाने मान डोलवली, लिहून घेतलं. ॲनेटला उगीच लाजल्यासारखं झालं. तिने साउलेकडे पाहिलं. साउले फाइलकडे बघत होती आणि तिच्या रुंद गालांवरचा रंग उतरला होता.

बाई गेल्यावर ती फाइल घेऊन वाचनाच्या खोलीत आली. आधीच्या पानावर बोट ठेवलं, "गुड." नंतरच्या पानावर ठेवलं, "बॅड."

"अगं, बॅड कसं? सेम आहे. बरोबर आहे."

"टू आय नेव्हर सेम, ॲनेत. सेम मीन्स वन आय." मग शब्द शोधत शोधत तिने सांगितलं ते असं: तिच्या त्या जुन्या कामावर जोडीदार दर चार महिन्यांनी बदलायचे. दोघा जोडीदारांना कँटीनमध्ये एका टेबलावर बसायलाही मनाई होती. कारण माणसं एकमेकांची झाली, की काट्याकडे बघायच्या आधी एकमेकांकडे बघतात. "आय लर्न युवर नंबर," ती म्हणाली. "यू लर्न माय नंबर. माय मिस्टेक. आय नो रूल."

"मग आता?"

"वी सी," साउले म्हणाली. "टू वीक. वी सी."

त्या संध्याकाळी व्हॅनमध्ये ॲनेटला समजलं, की दोन आठवड्यांत आकड्यांत फरक दिसला नाही तर आपली खुर्ची जाणार आहे. पुन्हा पुढचं टेबल. सर्टिफिकेटं. सलाम आणि सलाम. स्टिअरिंगवर तोच उझैर, समोर तीच लाल दिव्यांची रांग. लॅन्सीचे रिपोर्ट आले होते तो दिवस तिला आठवला. एवढ्याशा खुर्चीसाठी तो दिवस आठवावा याची तिला लाजही वाटली.

आणि मग तिला उपाय सुचला. फरक हवा ना? फरक देऊ.

दुसऱ्या दिवसापासून ती अधूनमधून एक वाढवू लागली, एक कमी करू लागली. साउले म्हणाली, "किरिक उश," म्हणजे त्रेचाळीस, की ॲनेट थोडं थांबून म्हणायची, "चव्वेचाळीस." पुढचे दोन तसेच सोडायचे, तिसऱ्याला एक कमी. कोणाचं वाईट करायचं तिच्या मनात नव्हतं. एकाने काय फरक पडतो, असंच ती स्वतःला सांगायची. पहिल्या आठवड्याचे कागद ताडून बघताना साउलेच्या चेहऱ्यावर इतकं बरं वाटल्याचं दिसलं, की ॲनेटला आपण तिला भेटच दिली असं वाटलं. त्या दिवशी डब्यात साउलेने आपल्यातला निम्मा पुलाव तिच्या ताटलीत वाढला.

दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. भंगाराच्या गोदामाचं जुनं, ओरखडे पडलेलं यंत्र आत मांडलेलं. ॲनेट पुठ्ठ्याच्या आडोशाशी पेन घेऊन बसली होती. आज वाढवायचा की कमी करायचा, याचा विचार चालू होता.

साउले म्हणाली, "येलू." म्हणजे पन्नास.

"एक्कावन्न," ॲनेट म्हणाली आणि लिहिलं.

साउले पुढचा आकडा म्हणेना. ॲनेटने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. काटा सत्तरच्या खुणेवर स्थिर उभा होता.

साउलेने बटण दाबून पेटीची खिडकी बंद केली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि कडा जुळवल्या.

"सॉरी," ॲनेट म्हणाली. मग तिला राहवलंच नाही आणि मराठीतच बोलत सुटली. "अगं, मला इथून जायचं नव्हतं. दुसरं काही नाही. घरी कोणी नाही, इकडे कोणी नाही. तू म्हणालीस फरक पाहिजे, म्हणून मी दिला. मला वाटलं, चालेल."

साउलेला शब्द कळले नाहीत, पण कशाबद्दल चाललंय ते कळलं असावं. तिने ॲनेटच्या हातावर हात ठेवला, दोन-तीनदा थोपटलं आणि उठून सतीशच्या केबिनकडे गेली.

सतीश भयंकर चिडले. चार महिन्यांत त्या जोडीने तपासलेली एकेचाळीस यंत्रं परत मागवा, असं साउले म्हणत होती. "ताई, तुम्ही तरी समजवा तिला. तिकडे अहवालात आपलं कौतुक गेलंय. कस्टमरला काय सांगू मी? एक-दोन डिव्हिजन इकडे-तिकडे, कोण मरतंय त्याने?"

ॲनेटला हीच संधी होती. जाऊ दे गं, असं तिने एकदा साउलेला म्हटलं असतं, सतीश मागे उभे राहिले असते, आणि खुर्ची, डबा, आकडे, सगळं होतं तसं राहिलं असतं. तिला भंगाराच्या गोदामातला तो माणूस आठवला, यंत्र द्यायला आलेला. यंत्राला कातडी पट्टा लावून ते गळ्यात अडकवून आला होता. भंगारात कुठे किरणोत्सर्गी वस्तू लपलेली असेल तर ती त्या काट्यावरूनच त्याला कळणार. काटा सत्तरवर असताना आपण पन्नासही नाही, एक्कावन्न लिहिलं होतं.

"सर, मी बघत नव्हते," ती म्हणाली. "मी नुसते आकडे म्हणत होते. मागवा परत."

यंत्रं परत आली, पंधरा दिवस लागले. साउलेच्या शेजारी उझैर बसला. तो उर्दूत वाचायचा, घसा खाकरून, कोर्टात साक्ष द्यावी तसा. एकोणचाळीस यंत्रं ठीक निघाली. दोन यंत्रांत फरक होता, फार मोठा नाही, पण होता. त्यातलं एक हॉस्पिटलचं. कोणाला इजा झाली नव्हती. सतीशनी निःश्वास सोडला.

उपक्रमाच्या बाईंना हे कळवायलाच हवं, असं साउलेचं म्हणणं. तिला इंग्रजी लिहिता येत नव्हतं. म्हणजे टाइप करणार ॲनेट. साउले शेजारी उभी राहून सांगत होती. "फॉल्ट इज माइन. आय लर्न हर नंबर."

"नाही, नाही," ॲनेट म्हणाली. "फॉल्ट माझा. खोटं मी लिहिलं." आणि तिने तसं टाइप करायला घेतलं. साउलेने स्क्रीनवर बोट ठेवलं. बराच वेळ घोळ झाला. शेवटी दोघींची एकेक ओळ गेली, आणि पत्राखाली दोघींची नावं.

तिकडून उत्तर दोन ओळींचं आलं. कळवल्याबद्दल आभार, आणि जोडी बदलावी. डिसेंबरात साउलेला कायम केल्याचं पत्र मिळालं. ते ॲनेटनेच टाइप केलं.

आता दोघी जोडीदार नव्हत्या. तेव्हा एका टेबलावर बसून जेवायला साउलेच्या नियमाने हरकत नव्हती. ती यायची, समोर बसायची. पण मधे काही उरलं नव्हतं. आकड्यांचा खेळ करायला दोघींनाही धीर होईना. "गुड?" साउले भाजीकडे बोट दाखवून विचारायची. "गुड," ॲनेट म्हणायची. बंद दाराआडून दुपारभर उझैरचा आवाज येत राहायचा, आणि त्याच्या आधी साउलेचा. ते आकडे कानावर पडू नयेत म्हणून ॲनेट कधीकधी प्रिंटर चालू करून ठेवायची.

जानेवारीतल्या एका रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ॲनेट घरी गेली नाही. शारजाहून बस, मग मेट्रो, मग आणखी एक बस करत ती इंटरनॅशनल सिटीत उतरली. साउलेचा पत्ता तिला पाठ होता. कागदपत्रं तिच्याच हाताखालून गेलेली. फोन केला नव्हता. फोनवर काय बोलणार?

साउलेने दार उघडलं, डोक्याला रुमाल, हात ओले. ॲनेटला बघून तिचा चेहराच पडला. "प्रॉब्लेम? लॅब प्रॉब्लेम?"

"नो प्रॉब्लेम. नुसतीच आले."

साउले दारातच उभी राहिली. दोन वर्षांत या दाराशी नुसतंच कोणी आलं नसावं. मग ती एकदम बाजूला झाली, खुर्चीवरची इस्त्रीची घडी उचलून पलंगावर टाकली आणि खुर्ची पुढे ओढली. खोलीत खुर्ची तेवढी एकच. स्वतः पलंगाच्या कडेला टेकली. दुधाचा चहा केला, बिनकानाच्या दोन वाट्यांतून.

चहा संपला. बाहेर पार्किंगमध्ये मुलं सायकली फिरवत होती.

मग ॲनेट बोलायला लागली, मराठीत. साउलेला कळणार नाही हे ठाऊक असून. लॅन्सीबद्दल. त्याला शेवटी शेवटी जेवण कसं जात नव्हतं, तो हॉटेलातल्या चादरींच्या घड्यांच्या गोष्टी कशा रंगवून सांगायचा, आणि त्या सकाळी ती खाली दूध आणायला गेली तेवढ्यात कसं झालं ते. हे तिने डेन्झिललाही पूर्ण सांगितलं नव्हतं. सांगायला घेतलं, की तो म्हणायचा, "ममा, डोन्ट थिंक अबाउट इट." साउले मधे बोलली नाही. ॲनेट थांबली की ती मान हलवायची आणि वाट बघायची.

ॲनेटचं संपल्यावर साउले बोलली. तिच्या भाषेत, आधी हळू, मग भराभर. एकदा हाताने एक उंची दाखवली. लहान मुलाची असेल किंवा खिडकीची. एका ठिकाणी आवाज फाटला, ती थांबली, वाटीतला चहाचा गाळ बघत बसली, आणि तिथूनच पुढे बोलत राहिली.

साडेपाचची बस होती. निघताना साउलेने दारापाशी विचारलं, "नेक्स्ट संडे?"

"येईन," ॲनेट म्हणाली.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ॲनेट तो सगळा वेळ मनात पुन्हा पुन्हा ऐकत होती, साउलेचा आवाज जिथे फाटला तिथपर्यंत. त्याच्या आधीचा शब्द तिला जसाच्या तसा आठवत होता. नाव असावं कोणाचं, किंवा गावाचं. तिने तो दोनदा ओठांत म्हणून पाहिला. विचारावं असं ओळखीत कोणी नव्हतं. बस रास अल खोरच्या पुलावर चढली तेव्हा ती तो तिसऱ्यांदा म्हणत होती, विसरू नये म्हणून.